आंगार गावचा वेलिंगकर

पुण्याहून निघताना बाबांनी माझ्या नवऱ्याला बॅगेला हात लावू दिला नाही, पण एक प्लॅस्टिकचं फोल्डर मात्र केबिन बॅगेत, औषधांच्या डब्याशेजारी, स्वतःच्या हातानं ठेवलं. पॅरिसला पोचल्यावर चहा होतो न होतो तोच ते फोल्डर टेबलावर आलं. आत एकच कागद होता. निळ्या बॉलपेननं, जॉब कार्ड भरताना लावलेल्या वळणाच्या सुट्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘ले. श्रीकृष्ण चंद्र वेलिंगकर, मुंबई. २३ स्क्वाड्रन. मृत्यू ३० जून १९१८. हँगार्ड.’ आणि खाली, माझ्यासाठी : ‘तुझ्या घरापासून किती लांब?’

बाबा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. विमान उडवणारे वेगळे आणि ते उडण्याजोगं ठेवणारे वेगळे, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून पाठ. लोहगावच्या क्वार्टरमध्ये कुणी ‘तुमचे वडील पायलट का?’ असं विचारलं, की मी मान ताठ करून ‘नाही, फिटर’ असं सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या विमानांचा नाद लागला. त्यातून पहिल्या महायुद्धातल्या चार हिंदी वैमानिकांची नावं त्यांच्या हाती आली आणि त्यातलं एक नाव आपल्याकडचं निघालं.

ते चौघं असे : कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय, रावळपिंडीचा हरदित सिंग मलिक, बंगालचाच एरॉल चंदर सेन आणि मुंबईचा वेलिंगकर. चौघंही शिक्षणाच्या निमित्तानं इंग्लंडमध्ये होते. तेव्हा हिंदी माणसाला राजाचं कमिशन, म्हणजे ब्रिटिश सैन्यातलं अधिकारीपद, देत नसत. मलिक ऑक्सफर्डचा पदवीधर आणि ससेक्सकडून क्रिकेट खेळलेला, पण त्यालाही आधी नकारच मिळाला. तो फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेला. पुढे त्याच्या शिक्षकानं थेट जनरलला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्याला उडायला मिळालं. वेलिंगकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा. मलिक जखमी होऊन वाचला आणि स्वातंत्र्यानंतर फ्रान्समध्येच भारताचा राजदूत झाला. सेन जर्मनांच्या कैदेतून परत आला. बाकीचे दोघं इथेच राहिले.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर : दीडशे किलोमीटरच्या आत. सात वर्षं मी इथे राहते आहे आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

जूनच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आमियाँपर्यंत ट्रेननं गेलो. तिथे गाडी भाड्यानं घेतली. रुआच्या दिशेनं जाणारा सरळसोट रस्ता धरला की वीसेक किलोमीटरवर दोमार नावाचं गाव लागतं. तिथे डावीकडे वळलं की ल्यूस नावाच्या नदीच्या कडेकडेनं पुढचं गाव. नदी म्हणायची म्हणून. आपल्याकडे तिला ओढा म्हटलं असतं. वरच्या पठारावर दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत गहू, बीट आणि बटाटा. गहू पिवळा पडायला लागला होता आणि शेताच्या कडेनं, नांगराचा फाळ पोचत नाही तेवढ्या पट्टीत, लाल पॉपी फुलली होती. बाबा खिडकीची काच खाली करून माती बघत होते. ‘पांढरी आहे गं,’ म्हणाले. खडूची जमीन आहे ही. वरचा थर खरवडला की पांढरंच निघतं. या भागातल्या शेतकऱ्यांना नांगरताना आजही तोफगोळे सापडतात. ते बांधावर काढून ठेवतात आणि सरकारी माणसं येऊन घेऊन जातात.

गावाच्या पाटीपाशी मी गाडी हळू केली. हँगार्ड असं लिहितात, पण फ्रेंच लोक ‘ह’ आणि शेवटचा ‘ड’ दोन्ही सोडून देतात. मी बाबांना म्हणून दाखवलं : ‘आंगार.’

‘अंगार?’ ते म्हणाले. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

१९१८च्या मार्चमध्ये जर्मनांनी आमियाँ घ्यायला जी मोठी चढाई केली, ती याच पट्ट्यात येऊन अडली. इंग्रजांची फळी जिथे संपायची आणि फ्रेंचांची सुरू व्हायची, तो सांधा म्हणजे हे गाव. एप्रिलभर इथे आणि गावामागच्या रानात लढाई चालू होती. गावाचा पार चुराडा झाला. आज दिसतात ती घरं नंतर बांधलेली. उत्तरेला थोड्या अंतरावर व्हिलेर-ब्रेतोनो आहे, जिथे ऑस्ट्रेलियनांनी गाव परत जिंकलं. त्याच्याही पलीकडे, सोम नदीच्या काठावरच्या व्हो गावाजवळ, जर्मनांचा नामांकित वैमानिक ‘रेड बॅरन’ रिश्टहोफेन २१ एप्रिलला पडला. बाबांना हे सगळं तोंडपाठ. तो पडला त्यानंतर दोन महिन्यांनी वेलिंगकर इथल्या आभाळात होता.

दफनभूमी दोन भागांत आहे. आधी गावाची : ग्रॅनाइटच्या चकचकीत कबरी, चिनी मातीची फुलं, काचेआडचे फोटो. तिला लागूनच युद्धातल्यांची. तिथे पाऊल टाकलं की सगळं एकदम बदलतं. एकाच उंचीचे, एकाच घडणीचे, पांढरे दगड. कापलेली हिरवळ. प्रत्येक दगडाच्या पायाशी फुलझाडांची बारीक पट्टी. जनरल असो की साधा शिपाई, दगड एकच, हा नियम या कबरी सांभाळणाऱ्या ब्रिटिश युद्धकबर आयोगानं युद्ध संपताच घालून घेतला. श्रीमंत घरांनी मुलांची प्रेतं मायदेशी नेऊ नयेत असाही नियम होता, म्हणून सगळे इथल्याच मातीत राहिले. इथे साडेपाचशेच्या आसपास कबरी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त निनावी. ‘महायुद्धातला एक सैनिक’ एवढंच कोरलेलं. खाली : ‘देवाला ठाऊक’.

मला वाटलं होतं आपण रजिस्टर उघडून रांगेचा नंबर बघू. भिंतीत पितळी दाराची छोटी पेटी असते, त्यात कबरींची यादी आणि भेट देणाऱ्यांची वही ठेवलेली असते. पण बाबांनी मला थांबवलं. ‘सगळ्यांच्या पुढून जाऊ या की,’ म्हणाले. मग आम्ही रांगेनं निघालो. ते प्रत्येक नाव वाचत होते. जिथे नाव नव्हतं तिथे अर्धा क्षण थांबत होते आणि मग पुढे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी दोनदा ‘बसता का?’ विचारलं, दोनदा त्यांनी हात हलवला. मेपलच्या पानाचे दगड खूप : हे कॅनडाचे. ८ ऑगस्ट १९१८ला त्यांनीच हे गाव सोडवलं आणि ही दफनभूमी सुरू केली.

ऑगस्ट. म्हणजे वेलिंगकर गेला त्यानंतर पाच आठवडे. तो गेला तेव्हा ही जागा नव्हतीच.

२७ जूनला तो गस्तीवर गेला आणि परत आला नाही. विमान पडलं ते जर्मनांच्या बाजूला. तिथेच, त्यांच्या ताब्यात असताना, ३० तारखेला तो गेला. त्यांनी त्याला रीतसर पुरलं, वर नावही घातलं. पण काय नाव? ‘ओबरलॉयटनांट एस. सी. वुमकर.’ हुद्दा जर्मन, आडनाव कुठलंच नाही. मरणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं की रक्तानं भिजलेल्या कागदावरून वाचलेलं, कोण जाणे. मुंबईच्या घरी ‘बेपत्ता’ एवढंच कळलेलं होतं. युद्ध संपून वर्षं उलटली तेव्हा शोध घेणाऱ्यांच्या लक्षात आलं, की हा वुमकर म्हणजेच वेलिंगकर. त्याची कबर या दफनभूमीत आली ती नंतर.

हे मला बाबांनी ट्रेनमध्ये सांगितलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं. इथल्या ऑफिसात पहिल्या दिवशी माझंही आडनाव तीन लोकांनी तीन प्रकारे घेतलं होतं. मी दुरुस्त करू शकले, कारण मी तिथे उभी होते.

दगड बाबांनाच आधी दिसला. त्यांनी मला हाक मारली नाही. मी दोन रांगा मागे होते. बघते तर ते टोपी काढून, हात पँटच्या शिवणीला लावून उभे. पंचाहत्तरी गाठत आलेला माणूस, पण टाचा जुळलेल्या.

वर रॉयल एअर फोर्सचं चिन्ह : गरुड आणि मुकुट. हुद्दा, नाव, तारीख. आणि अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ इंग्रजीत : ‘साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मान्य स्मृतीस.’ घरच्यांना एवढीच मुभा होती. जागा धरून ६६ अक्षरं, आणि अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जायचे. मी तिथेच बोटावर मोजलं. इंग्रजीत ही ओळ साठाच्या आत बसते.

मागच्या वर्षी कामानिमित्त लांसला गेले होते, तेव्हा बाबांच्या सांगण्यावरून इंद्रलाल रॉयची कबर बघायला एस्तव्हेलला जाऊन आले होते. पोरगा एकोणीस वर्षांचा. पण त्याच्या दगडावर बंगाली अक्षरं आहेत. ‘महावीराची समाधी, आदर राखा, स्पर्श करू नका.’ फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात ती गोल वळणाची अक्षरं बघून मला बंगाली येत नसतानाही भरून आलं होतं. आणि इथे आपला माणूस, दगडावर एकही अक्षर देवनागरी नाही. मला त्याच्या घरच्यांना दोष द्यायचा नाही. ज्या आईनं तीन वर्षं ‘बेपत्ता’ या शब्दावर काढली असतील, तिला त्या फॉर्मवर काय सुचावं? ‘साम्राज्याचा पुत्र’ हे शब्द आज मला बोचतात. पण ‘शूर’ हा शब्द तिचा स्वतःचा असणार असं मला वाटतं आणि तो खरा आहे.

तो खरा का, ते बाबांनी मला हातांनी दाखवलं.

वेलिंगकरच्या स्क्वाड्रनकडे सॉपविथ डॉल्फिन होती. दुहेरी पंखांचं विमान, पण नेहमीच्या उलट घडणीचं. बाबांनी दोन्ही तळवे एकावर एक आडवे धरले. नेहमी वरचा पंख खालच्याच्या पुढे असतो. मग त्यांनी वरचा तळवा मागे ओढला. ‘डॉल्फिनमध्ये वरचा पंख मागे, खालचा पुढे. आणि पायलट कुठे?’ त्यांनी वरच्या हाताची बोटं फाकवली आणि त्या फटीतून माझ्या करंगळीला वर काढायला सांगितलं. ‘इथे. वरच्या पंखाच्या मधोमध लोखंडी चौकट उघडी ठेवलेली. डोकं पंखाच्या वर. त्यामुळे वरचं, पुढचं आभाळ इतकं मोकळं दिसायचं की दुसऱ्या कुठल्या विमानातून दिसायचं नाही. पण उतरताना नाकावर उलटलं, तर जमिनीला पहिलं काय लागेल?’

माझी करंगळी त्यांच्या बोटांच्या वर उभी होती. मी ती आत घेतली.

‘पुढे दोन विकर्स मशीनगन. दोनशे हॉर्सपॉवरचं हिस्पानो इंजिन, त्याचे गिअर दगा द्यायचे. आणि पॅराशूट नाही,’ बाबा म्हणाले. ‘बलूनवाल्यांना द्यायचे. विमानवाल्यांना दिलंच नाही. लाकडी सांगाडा, वर कापड, कापडावर डोप, म्हणजे पटकन पेटणारा लेप. आग लागली की संपलं.’ मग फिटरच्याच आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखं : ‘त्या दिवशी सकाळी कुणीतरी त्याच्या तारा ताणून बघितल्या असतील. पिना बघितल्या असतील. आणि संध्याकाळी तो माणूस धावपट्टीकडे डोळे लावून बसला असेल.’

बाबांनी आयुष्यभर जे केलं ते मला त्या क्षणी जसं कळलं तसं पूर्वी कधी कळलं नव्हतं. एकदा, मी चौथीत असताना, ते रात्री उशिरा घरी आले आणि न जेवता गॅलरीत बसून राहिले. आईनं आम्हाला आत घेतलं. कोण परत आलं नव्हतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

दगडाच्या वरच्या कडेवर पाखराची वाळलेली शीट होती. बाबांनी बाटलीतल्या पाण्यानं रुमाल ओला केला आणि हलक्या हातानं, न घासता, नुसता टेकवून टेकवून ती भिजवली आणि पुसली. मग खिशातून एक पुडी काढली. मला वाटलं अंगारा असेल, गणपतीचा. तर होती मूठभर माती. घरच्या कुंडीतली? मी विचारलं. ‘नाही. मागच्या महिन्यात मुंबईला गेलो होतो ना. गिरगाव चौपाटीची वाळू आहे.’ ती त्यांनी फुलझाडाच्या बुंध्याशी घातली. पांढऱ्या खडूच्या मातीवर ती थोडी काळसर, चमचमती दिसत होती. एक शिंपल्याचा तुकडाही होता, नखाएवढा.

आणि मग त्यांनी त्याचं नाव घेतलं. पूर्ण, सावकाश, आपल्या उच्चारात. श्रीकृष्ण. चंद्र. वेलिंगकर. दगडावर इंग्रजीत त्यातला ‘ग’ नाही, पण फोंड्याजवळच्या वेलिंगचे ते वेलिंगकर, बोलण्याच्या ओघात ‘ग’ गिळला जातोच. चंद्राचंही इंग्रजी कागदांत ‘चुंदा’ झालेलं आहे. शंभराहून जास्त वर्षांत त्या जागी हे नाव नीट कुणी उच्चारलं असेल की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी उच्चारलं गेलं. मी ऐकलं.

परत येताना पितळी पेटीपाशी थांबलो. वहीत आमच्या आधीची नोंद अकरा दिवसांपूर्वीची, कॅनडातल्या कुणा नातवाची. बाबांनी चष्मा बदलला आणि देवनागरीत लिहिलं : नाव, त्याखाली ‘मुंबई’, त्याखाली ‘आपली आठवण आहे’, आणि स्वतःचा हुद्दा आणि सही. पेन बंद करून खिशाला लावलं. पुन्हा काढलं. वही धरून तसेच उभे राहिले.

‘काय झालं बाबा?’

‘आपल्या त्याचंही लिहावं म्हटलं. बसरेवाल्याचं.’

आमचं गाव साताऱ्याकडचं. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, त्या भागातल्या कितीतरी गावांत आहे तशीच : या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. नावं नाहीत. दर दिवाळीला चावडीला चुना मारताना पाटीवरही हात फिरतो आणि आकड्यांच्या खाचा आता भरत आल्या आहेत. त्या दुसऱ्या आकड्यात माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ आहे. तो मराठा पलटणीत होता. या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या, त्यातल्या काही कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, १९१६च्या एप्रिलमध्ये तिथली फौज शरण गेली तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेल्या. आमच्या घरात त्याला कायम ‘बसऱ्याला गेलेला’ एवढंच म्हणतात. बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं, चाळीस हजारांवर लोकांचं. त्यात गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली आणि हिंदी शिपायांचे मात्र पलटणीनिशी आकडे घातले. दगड सगळ्यांना सारखा, हा नियम फ्रान्सपुरता होता. २०२१ साली त्या आयोगानं याबद्दल जाहीर माफी मागितली. मी ती बातमी वाचली तेव्हा बाबांना फोन केला होता. ते ‘बरं’ म्हणाले होते. तेवढंच.

‘मग लिहा की,’ मी म्हटलं.

‘अगं, नाव कुठे माहितीये मला!’

पेटी बंद करून आम्ही गाडीत बसलो. मी चावी फिरवली नाही. बाबांनी फोन काढला आणि गावी आक्काआत्याला लावला. ती त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. तिकडे संध्याकाळ झाली असणार, मागे गाईच्या घंटेचा आवाज येत होता. फोन स्पीकरवर होता.

‘आक्का, बसरेवाल्या आजोबांचं नाव काय गं?’

‘कुणाचं?’

‘बसऱ्याला गेलेला. आपल्या आबांचा चुलता.’

पलीकडे बराच वेळ नुसती घंटा वाजत राहिली. मग ती म्हणाली, ‘आबांच्या पोथीच्या फडक्यात त्याचा कागद होता. पिवळा, शिक्क्याचा. आई पितृपक्षात काढायची. ट्रंकेत असंल. थांब, फोन ठेवू नको.’

पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग कडी. बाबांनी फोल्डरमधला तो कागद मांडीवर पालथा घातला, कोरी बाजू वर केली आणि पेनचं टोपण काढलं.